दुरुस्ती नेमकी कशाची? अपंगत्वाचा इतिहास आणि कोरमंगलामधील एक प्रयोग

प्रस्तावना

आपल्या जुन्या कथांमध्ये अपंग व्यक्ती अनेक आहेत. धृतराष्ट्र, मंथरा आणि अष्टावक्र ही त्यांतली सर्वांना माहीत असलेली नावे. आधुनिक भारताच्या इतिहासाच्या क्रमिक पुस्तकांत मात्र त्या जवळजवळ दिसत नाहीत. सरकारी मोजणीतही बराच काळ असेच होते. १९८१ च्या जनगणनेत अपंगत्वाचा प्रश्न होता, १९९१ मध्ये तो वगळला गेला आणि संघटनांच्या आग्रहामुळे २००१ मध्ये पुन्हा आला. त्या वेळी २.१९ कोटी व्यक्तींची नोंद झाली. २०११ मध्ये हा आकडा २.६८ कोटी झाला, म्हणजे लोकसंख्येच्या सुमारे २.२ टक्के. यांतील जवळपास ६९ टक्के लोक ग्रामीण भागात राहत होते, आणि काम करणाऱ्यांचे प्रमाण होते फक्त ३६ टक्के.

या पाठात आपण एका प्रश्नाचा इतिहास पाहणार आहोत. एखादी व्यक्ती आणि एखादे काम, इमारत किंवा यंत्र यांचा मेळ बसत नसेल, तर दुरुस्ती कुठे करायची? गेल्या सव्वाशे वर्षांत भारतीय समाजाने या प्रश्नाची तीन उत्तरे दिली. तिसरे उत्तर प्रत्यक्षात कसे उतरते हे पाहण्यासाठी आपण बेंगळुरूतील कोरमंगला या भागात जाऊ.

शब्दांबद्दल एक सूचना. मराठीत 'अपंग' आणि 'विकलांग' हे शब्द जुने आहेत. २०१६ पासून सरकारी व्यवहारात 'दिव्यांग' आला आणि महाराष्ट्रात २०२२ मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग स्थापन झाला. हा शब्द काहींना सन्मानाचा वाटतो. इतर काही जण म्हणतात, आम्हाला दिव्यत्व नको, रॅम्प हवा. या पाठात 'अपंगत्व असलेली व्यक्ती' असा साधा शब्दप्रयोग केला आहे.

१. पहिले उत्तर: वेगळी जागा

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भारतात अपंगत्व असलेल्या मुलांसाठी शाळा सुरू झाल्या, त्या मुख्यतः ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या पुढाकाराने. १८८७ मध्ये ॲनी शार्प यांनी अमृतसरला अंधांसाठी शाळा काढली. मुंबईत १९०० मध्ये अमेरिकन मिशनच्या ॲना मिलार्ड यांनी अंधांसाठी शाळा सुरू केली. तीच पुढे दादरची कमला मेहता अंधशाळा झाली. पहिल्या महायुद्धात जखमी झालेल्या सैनिकांसाठी १९१७ मध्ये मुंबईत क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाली आणि नंतर ती पुण्याजवळ खडकीला गेली.

स्वातंत्र्यानंतर हीच वाट रुंद झाली. १९४९ मध्ये बाबा आमटे यांनी महारोगी सेवा समिती स्थापन केली. तिच्यातून वरोऱ्याजवळचे आनंदवन उभे राहिले. गावाने बाहेर काढलेल्या कुष्ठरुग्णांनी तिथे विहिरी खोदल्या, शेती केली आणि यंत्रमाग चालवले. १९५२ मध्ये मुंबईत नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड स्थापन झाली.

या संस्थांकडे आजच्या चष्म्यातून पाहून नाक मुरडणे सोपे आहे. त्या काळी पर्याय होता घराचा कोपरा किंवा देवळाची पायरी. त्याच्या तुलनेत शाळा आणि कार्यशाळा ही मोठी झेप होती. पण एक गोष्ट लक्षात घ्या. वेगळी शाळा निघाली, तरी गावातली नेहमीची शाळा होती तशीच राहिली. तिच्या पायऱ्या, तिचा फळा आणि तिच्या परीक्षा यांत काहीच बदलले नाही.

२. दुसरे उत्तर: व्यक्तीला तयार करणे

दुसऱ्या उत्तरात भर आला तो पुनर्वसनावर: उपचार, कृत्रिम अवयव, प्रशिक्षण. या टप्प्यावर एक महत्त्वाचा बदल दिसतो. अपंगत्व असलेल्या व्यक्ती आणि त्यांचे कुटुंबीय स्वतः संस्था काढू लागले. १९५९ मध्ये बेंगळुरूत एन. एस. हेमा यांनी संस्था सुरू केली, जी आज 'असोसिएशन ऑफ पीपल विथ डिसॅबिलिटी' म्हणून ओळखली जाते. हेमा स्वतः अपंगत्व असलेल्या होत्या. मुंबईत १९७२ मध्ये मिठू अलूर यांनी मेंदूचा पक्षाघात असलेल्या मुलांसाठी स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया स्थापन केली. त्यांच्या मुलीला हाच विकार होता. कोल्हापुरात १९८४ मध्ये नसीमा हुरजूक यांनी 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' उभी केली. किशोरवयात कमरेखाली अर्धांगवायू झालेल्या नसीमादीदींचे 'चाकाची खुर्ची' हे आत्मकथन तुमच्या ग्रंथालयात असेल, तर जरूर वाचा.

सरकारनेही पावले टाकली. १९७७ मध्ये केंद्र सरकारच्या खालच्या दोन गटांतील नोकऱ्यांत तीन टक्के जागा राखीव झाल्या. एसटीडी-पीसीओ बूथ देताना अपंगत्व असलेल्यांना प्राधान्य मिळू लागले. तुमच्या आईवडिलांना असे बूथ नक्की आठवत असतील. पुढे मोबाइल आला आणि एकामागून एक बूथ बंद झाले.

या बूथच्या उदाहरणातून दुसऱ्या उत्तराची मर्यादा कळते. कामांची एक ठरावीक यादी असे: खुर्च्या विणणे, मेणबत्त्या करणे, टेलिफोन ऑपरेटर होणे, बूथ चालवणे. व्यक्तीला त्या यादीतल्या एखाद्या कामासाठी तयार केले जाई. तंत्रज्ञान बदलले की यादी आटायची आणि माणूस पुन्हा घरी बसायचा.

३. तिसरे उत्तर: जागा आणि काम बदलणे

१९७० च्या दशकात ब्रिटन आणि अमेरिकेत अपंगत्व असलेल्या कार्यकर्त्यांनी प्रश्नच उलटा मांडला. पोलिओ झालेले एड रॉबर्ट्स १९६२ मध्ये कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठात शिकायला आले. १९७२ मध्ये तिथे स्वावलंबी जीवनाचे केंद्र सुरू झाले. १९७६ मध्ये ब्रिटनमधील एका संघटनेने मांडले की शरीरातील उणीव ही एक गोष्ट आणि समाजाने निर्माण केलेला अडथळा ही दुसरी. चाकाच्या खुर्चीवरील माणूस पहिल्या मजल्यावर जाऊ शकत नाही, तेव्हा अडचण त्याच्या पायांत आहे की जिन्यात? अभ्यासक या विचाराला 'सामाजिक प्रतिमान' म्हणतात.

भारतात हा विचार कायद्यात यायला वेळ लागला. जावेद आबिदी आणि इतर कार्यकर्त्यांच्या पाठपुराव्यानंतर डिसेंबर १९९५ मध्ये संसदेने पहिला व्यापक कायदा मंजूर केला. तो ७ फेब्रुवारी १९९६ पासून लागू झाला. त्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. पण कायद्याने जागा राखल्या, तरी त्या जागेवर बसून काम कसे करायचे, हे सांगणारे कोण होते?

४. कोरमंगला, १९९९

१९९० च्या दशकात बेंगळुरूत संगणक उद्योग वेगाने वाढत होता आणि कोरमंगला हा त्या वाढीचा एक साक्षीदार भाग. पुढे २००७ मध्ये फ्लिपकार्ट इथेच सुरू झाली, हे तुम्हाला माहीत असेल. १९९९ मध्ये शांती राघवन आणि त्यांचे पती दीपेश सुतारिया यांनी 'एनेबल इंडिया' ही संस्था सुरू केली. पुढे कोरमंगला हेच तिचे ठिकाण झाले. शांती संगणक क्षेत्रात काम करत होत्या. त्यांच्या धाकट्या भावाची दृष्टी डोळ्यांच्या पडद्याच्या आजाराने हळूहळू जात होती. तो शिकला, पुढे गेला. पण त्याच्यासारख्या इतरांना उद्योगांची दारे बंद होती. संस्थेचा उगम या अनुभवात आहे.

संस्थेने अंध विद्यार्थ्यांना संगणक शिकवण्यापासून सुरुवात केली. पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला स्क्रीन रीडर म्हणतात. त्यामुळे अंध व्यक्ती कीबोर्डवरून पूर्ण संगणक चालवू शकते. मात्र केवळ प्रशिक्षण देऊन थांबले असते, तर हे दुसरेच उत्तर ठरले असते. संस्थेने कंपनीत जाऊन कामाचीच तपासणी सुरू केली. तुम्ही अभियांत्रिकीचे विद्यार्थी असाल, तर ही पद्धत तुम्हाला ओळखीची वाटेल: मोठ्या समस्येचे लहान भाग करायचे.

समजा, एका कार्यालयात कारकुनाची जागा आहे. कामे चार: कागदी अर्ज वाचणे, माहिती संगणकात भरणे, ईमेल पाठवणे आणि फायली वरच्या मजल्यावर नेणे. अंध उमेदवार आला तर साधारण उत्तर ठरलेले असते, "वाचता येत नाही, मग जमणार नाही." आता चारही कामे वेगळी करून पाहा. माहिती भरणे आणि ईमेल स्क्रीन रीडरने होते. अर्ज कागदाऐवजी संगणकावरच भरून घेतले, तर वाचण्याचा प्रश्न मिटतो. फायली नेण्याचे काम सहकाऱ्याला देऊन त्याचे एखादे टंकनाचे काम बदल्यात घेता येते. उमेदवार तोच आहे, पगारही तोच. बदलली ती कामाची मांडणी. शिवाय अर्ज संगणकावर आल्याने बाकीच्या कर्मचाऱ्यांचेही श्रम वाचले.

संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या करारात आणि भारताच्या २०१६ च्या कायद्यात याच कल्पनेला नाव मिळाले: 'वाजवी सोय'. म्हणजे इतरांवर अवाजवी भार न टाकता, त्या व्यक्तीला समान पातळीवर हक्क बजावता यावेत यासाठी केलेला आवश्यक बदल. भारताने करार २००७ मध्ये स्वीकारला. २०१६ च्या कायद्यात अपंगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीस झाले, सरकारी नोकऱ्यांत चार टक्के आणि सरकारी व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत पाच टक्के राखीव जागा आल्या.

५. एकमेकांचा आधार: फोनवरचा समुदाय

इथे एक आक्षेप येतो आणि तो योग्य आहे. कोरमंगलामधील काचेच्या कार्यालयांत काही लोकांना नोकऱ्या मिळाल्या, त्याचा खेड्यातल्या माणसाला काय उपयोग? सुरुवातीचे आकडे आठवा: दर दहांपैकी जवळपास सात जण ग्रामीण भागात आहेत. तिथे संगणक नसतो, अनेकदा साक्षरताही नसते. २०११ मध्ये अपंगत्व असलेल्यांपैकी सुमारे ५५ टक्केच साक्षर होते.

या अडचणीवर संस्थेने कन्नड भाषेत 'नम्मा वाणी', म्हणजे 'आपला आवाज', ही फोनसेवा सुरू केली. साध्या फोनवरून मिस्ड कॉल द्यायचा, उलट फोन येतो, मग इतरांनी सांगितलेले अनुभव ऐकायचे आणि आपलाही बोलून नोंदवायचा. इंटरनेट लागत नाही, लिहिता-वाचता येण्याची गरज नाही आणि फोन करणाऱ्याला खर्चही नाही.

यातली महत्त्वाची गोष्ट तंत्रज्ञानाच्या पलीकडची आहे. आधीच्या दोन्ही टप्प्यांत मदत वरून खाली येत होती: मिशनरी, डॉक्टर, अधिकारी देणारे आणि अपंगत्व असलेली व्यक्ती घेणारी. इथे देणारी व्यक्तीही तीच आहे. एका हाताने दुकान कसे चालवायचे, प्रमाणपत्रासाठी कुठे जायचे, याचे ज्ञान ज्याने ते केले आहे त्याच्याकडेच असते. गावात एकट्या पडलेल्या माणसाला आपल्यासारखा दुसरा कोणी हे सगळे करतो आहे, हे त्याच्याच भाषेत ऐकायला मिळते. समाजाचा आधार म्हणतात तो बऱ्याचदा असा असतो.

६. तुमचा यात काय संबंध?

दर वर्षी शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पांच्या यादीत 'अंधांसाठी स्मार्ट काठी' असतेच. त्यात सेन्सर असतो, बझर असतो, बॅटरी असते. त्या गटांना मी एकच प्रश्न विचारतो: "तुम्ही किती अंध व्यक्तींशी बोललात?" उत्तर बहुधा शून्य असते. साधी पांढरी काठी स्वस्त आहे, घडी होते आणि चार्ज करावी लागत नाही. काठीत बहुतेक वेळा दोष नसतो, दोष उघड्या गटारात आणि पदपथावर लावलेल्या मोटारसायकलीत असतो.

आता प्रकल्पाचा अहवाल घ्या. कागद स्कॅन करून केलेली पीडीएफ म्हणजे स्क्रीन रीडरच्या दृष्टीने नुसते चित्र. त्यात वाचण्यासारखे काही नसते. मराठीत आणखी एक अडचण आहे. युनिकोडपूर्व जुन्या फाँटमध्ये टंकलेला मजकूर डोळ्यांना मराठी दिसतो, पण संगणकाच्या लेखी ती रोमन अक्षरांची खिचडी असते. एनव्हीडीए हा २००६ पासूनचा मोफत स्क्रीन रीडर युनिकोड मराठी वाचतो, जुन्या फाँटसमोर मात्र निरुपाय होतो. म्हणजे जिना फक्त इमारतीत नसतो, फाइलमध्येही असतो, आणि तो बांधणारे आपणच असतो.

कायदा याबाबत स्पष्ट आहे. अस्तित्वात असलेल्या सार्वजनिक इमारती सुगम करण्यासाठी पाच वर्षांची मुदत होती. नियम जून २०१७ मध्ये आले, म्हणून ती जून २०२२ मध्ये संपली. नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की सुगमतेची किमान मानके ऐच्छिक असू शकत नाहीत, ती बंधनकारक हवीत. ही मानके पाळून घरे, ॲप आणि यंत्रे बनवणारी पिढी तुमची आहे.

सारांश

भारतात आधी वेगळ्या शाळा आणि वसाहती झाल्या, मग व्यक्तीच्या पुनर्वसनावर भर आला आणि नंतर काम व परिसर बदलण्याचा विचार रुजू लागला. पहिली दोन उत्तरे संपलेली नाहीत आणि ज्यांना सतत शुश्रूषेची गरज आहे त्यांच्यासाठी ती संपूही नयेत. पण फक्त तेवढ्यावर थांबले की नेहमीची शाळा, नेहमीचे कार्यालय आणि नेहमीचा रस्ता जसाच्या तसा राहतो. कोरमंगलाच्या उदाहरणातून दिसते ते एवढेच: नकार देण्यापूर्वी कामाचे भाग पाडून पाहिले, तर बरेच अडथळे काढता येतात आणि कोणता अडथळा आधी काढायचा हे अपंगत्व असलेल्या व्यक्तीला विचारूनच कळते.

स्वाध्याय

१. तुमच्या महाविद्यालयाच्या फाटकापासून ग्रंथालयातील एका पुस्तकापर्यंतचा मार्ग चाकाच्या खुर्चीच्या दृष्टीने तपासा. प्रत्येक अडथळ्याची नोंद करा आणि तो काढण्याचा उपाय लिहा.

२. एसटीडी-पीसीओ बूथच्या उदाहरणावरून 'ठरावीक कामांची यादी' या धोरणाचे फायदे आणि तोटे सांगा.

३. तुमच्या ओळखीच्या कोणत्याही एका नोकरीचे लहान भाग करा. कर्णबधिर व्यक्तीसाठी त्यांतील कोणत्या भागाची मांडणी बदलावी लागेल?

४. तुमचा शेवटचा सादर केलेला अहवाल मोफत स्क्रीन रीडरमध्ये उघडा, पडदा बंद करा आणि पहिली दोन पाने ऐका. काय ऐकू आले ते दहा ओळींत लिहा.