अर्धे रेशीम

दिवाळी जवळ आली की केंद्र सरकारच्या कचेऱ्यांतून एक आकडा सर्वांच्या तोंडी फिरू लागतो. तो म्हणजे ६९०८ रुपये. तदर्थ बोनसाचा हिशेब करताना कारकुनाचे वेतन कितीही असले तरी ते दरमहा सात हजारच धरावयाचे, असा नियम असल्यामुळे तीस दिवसांचा बोनस गेली काही वर्षे एवढाच भरतो. या रकमेत पत्नीची पाडव्याची साडी, बहिणीची भाऊबीज, मुलांचे कपडे आणि आईचे लुगडे बसवावयाचे असते. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे खरे. परंतु सणाच्या दिवसांत पायांना आपली लांबी अधिक भासू लागते, हेही तितकेच खरे.

दोन वर्षांपूर्वी मी असाच पाय थोडा अधिक पसरला. येथील, म्हणजे हैदराबादेतील, एका दुकानातून बहिणीसाठी जांभळ्या रंगाची एक साडी घेतली. दुकानदाराने ती शुद्ध रेशमाची म्हणून दिली आणि मी ती शुद्ध रेशमाची म्हणून घेतली. भाऊबिजेच्या दिवशी ओवाळणीच्या ताटात ती पडली तेव्हा आमची आत्या जवळच बसली होती. तिने पदराच्या दशीतला एक धागा सहज तोडला आणि निरांजनाच्या ज्योतीवर धरला. रेशीम जळताना केस जळल्यासारखा वास येतो आणि त्याची राख चिमटीत चुरगळते. हा धागा आक्रसला, वितळला आणि त्याच्या टोकाशी एक टणक काळा मणी तयार झाला. आत्याने तो मणी हळूच पदराआड टाकला आणि म्हणाली, "रंग मात्र फार छान निवडलास हो."

बहिणीला काही कळले नाही, निदान तिने तसे दाखविले नाही. मला मात्र त्या रात्री झोप आली नाही. फसवणुकीत गेलेल्या पैशाचे दुःख होतेच, पण त्याहून एक निराळाच प्रश्न मनाला टोचत राहिला. ज्याला खरे रेशीम परवडत नाही त्याने सणाला रेशमाची हौस धरावीच कशाला? ही दुधाची तहान ताकावर भागविणेच नव्हे काय? या प्रश्नाचा पाठपुरावा करताना मी वस्त्रांच्या इतिहासात शिरलो, आणि तेथे मला जे आढळले ते माझ्या अपेक्षेपेक्षा निराळे होते.

सणासुदीला वस्त्र देण्याची चाल आपल्याकडे घराघरांत आहे, तशीच ती राजदरबारांतही होती. चौदाव्या शतकातील अरब ग्रंथकार अल्-उमरी याने महंमद तुघलकाविषयी लिहून ठेवले आहे की, तो सुलतान दरसाल दोन लक्ष पोशाख वाटत असे. एक लक्ष वसंतात आणि एक लक्ष शरदात. अल्-उमरी स्वतः हिंदुस्थानात आला नव्हता. प्रवाशांकडून ऐकलेले त्याने टिपले, तेव्हा आकडा फुगलेला असणे अगदी संभवनीय आहे. परंतु वर्षातून दोनदा, ऋतू पालटताना, धन्याने चाकरांना वस्त्रे द्यावीत ही कल्पना त्या आकड्यामागे स्पष्ट दिसते. या पोशाखास अरबीत खिलअत म्हणत. मस्तकापासून पायांपर्यंतच्या संपूर्ण पोशाखास फारसीत 'सर-ओ-पा' असे नाव होते. त्याचेच आपण मराठीत 'शिरपाव' केले, आणि त्यात आपले 'शिर' व 'पाव' इतके चपखल बसले की हा शब्द परका असल्याची शंकादेखील कोणास येत नाही. पेशव्यांना पद मिळाले याऐवजी 'पेशवाईची वस्त्रे' मिळाली असे आपण म्हणतो, तेही याच चालीमुळे.

मात्र दरबारी वस्त्रात प्रेमापेक्षा पायरी अधिक असे. याचे सर्वांत बोलके उदाहरण आग्र्याचे. १२ मे १६६६ रोजी औरंगजेबाच्या वाढदिवसाच्या दरबारात शिवाजी महाराज उभे होते. आग्र्याहून आमेरच्या दरबारास त्या काळी गेलेल्या पत्रांत त्या दिवसाची हकीकत आली आहे. समारंभाचे विडे महाराजांसही मिळाले. परंतु त्यानंतर शाहजाद्यांना, वजीर जाफरखानाला आणि जसवंतसिंगाला खिलअती दिल्या गेल्या, महाराजांना ती दिली गेली नाही. महाराजांचा संताप तेथे उसळला, आणि मागाहून खिलअत घेऊन माणसे आली तेव्हा ती अंगावर घालण्यास त्यांनी साफ नकार दिला. एका पोशाखापायी एवढे रामायण का व्हावे, असे ज्याला वाटेल त्याने एवढेच ध्यानात घ्यावे की, तो पोशाख नव्हता. माणसाची किंमत काय हे चारचौघांत सांगणारी ती चिठ्ठी होती.

आता दरबारात सोन्याच्या तारांचा किनखाब झळकू लागला म्हणजे दरबाराबाहेरच्या माणसालाही सणाच्या दिवशी तसे काही अंगावर असावे असे वाटणारच. त्या वाटण्यातून दख्खनेत जे कापड रुजले त्याचे नाव हिमरू. 'सारखा', 'समान' अशा अर्थाच्या फारसी शब्दावरून हे नाव आले असे सांगतात. सारखा कोणासारखा, तर किनखाबासारखा. ताणा, म्हणजे उभे धागे, सुताचा. वेलबुट्टीचा बाणा रेशमाचा. सोन्याची तार बहुधा नाहीच. तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी दौलताबादेस हलविली तेव्हा दिल्लीकडील विणकरांनी ही कला आणली, अशी औरंगाबादेकडील परंपरा आहे. पुढे मोगल सुभेदारी आणि निजामाची पहिली राजधानी तेथेच असल्यामुळे या कापडाला गिऱ्हाईक मिळाले. निजाम अलीखानाने १७६३ मध्ये राजधानी हैदराबादेस आणली, तेव्हा ही हौसही तिच्या मागोमाग आली.

हिमरूचा एक गुण मला फार मोलाचा वाटतो. नक्षीचे रेशीम जेथे दर्शनी बाजूस नको असते तेथे ते कापडाच्या पाठीमागे मोकळे सोडलेले असते. या सुट्या धाग्यांचा एक मऊ थरच पाठीशी तयार होतो, आणि त्यामुळे हिमरू थंडीत दुलईसारखा ऊब देतो. म्हणजे किनखाबाची बरोबरी करावयास निघालेल्या या कापडाने किनखाबात नसलेला एक गुण स्वतःच्या पदरी बांधून घेतला! याला नुसती नक्कल म्हणावयास माझे मन घेत नाही.

हिमरूचा भाऊ म्हणावा असा मशरू. या अरबी शब्दाचा अर्थ 'शरियतीला संमत'. इस्लामी धर्मशास्त्राने पुरुषांना शुद्ध रेशीम वर्ज्य केले आहे. विणकराने त्यावर जी युक्ती काढली तिला तोड नाही. ताणा रेशमाचा घेतला, बाणा सुताचा. रेशमाचा प्रत्येक धागा सुताच्या अनेक धाग्यांवरून तरंगत नेला आणि मग क्षणभर एकाखाली बुडविला. परिणाम असा की वरून पाहणाऱ्यास केवळ रेशमाची झळाळी दिसते, आणि अंगाला लागते ते फक्त सूत. धर्म राहिला आणि थाटही राहिला. गुजरातेतील पाटण आणि कच्छातील मांडवी ही मशरूची नामांकित ठिकाणे, आणि तेथून हे कापड पार तुर्की साम्राज्यापर्यंत जात असे. गंमत अशी की, जे रेशीम एका घरी पुरुषाला निषिद्ध, तेच शेजारच्या ब्राह्मणाच्या घरी सोवळे म्हणून पूजेला नेसावयाचे. देवापुढे कोणते वस्त्र चालावे याविषयी माणसांचे एकमत कधीच नव्हते. विणकराने मात्र दोघांचेही समाधान केले.

या अर्ध्या रेशमावर परदेशी कारखानदारांचीही नजर होती. जॉन फोर्ब्ज वॉटसन या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८६६ मध्ये हिंदी कापडाच्या ७०० नमुन्यांचे १८ खंड तयार केले. त्यांत कापडाचे खरोखरीचे तुकडे चिकटविलेले होते. असे एकंदर २० संच निघाले. पैकी १३ ब्रिटनमध्ये ठेवले गेले आणि ७ हिंदुस्थानात आले. हिंदी माणूस काय नेसतो आणि काय पांघरतो हे विलायतेतील कारखानदारांना घरबसल्या कळावे व तसा माल त्यांनी काढावा, हा त्यामागील उघड हेतू. आमच्या हौसेची अशी मोजदाद इतक्या काळजीने दुसऱ्या कोणी केली नसेल.

परंतु दरबार आणि विलायत पुरे झाली. आमच्या घराघरांत अर्ध्या रेशमाने जे रूप घेतले ते इरकलीचे. इरकल, म्हणजे कर्नाटकातील बागलकोट जिल्ह्यातील इलकल हे गाव. या लुगड्याचे अंग सुती असते आणि पदर तेवढा रेशमाचा, लाल रंगाचा, त्यावर पांढरी नक्षी. ही नक्षी कशाची, तर केसांच्या फणीची, कोटाच्या तटाची, ज्वारीच्या कणसाची आणि डोंगरांच्या रांगेची. यात राजा नाही, हत्ती नाही, अंबारी नाही. शेतकऱ्याच्या बायकोला दारातून जे दिसते तेच पदरावर आले आहे. सुताचा ताणा आणि पदराचा रेशमी ताणा हे दोन्ही वेगळे तयार करून, फासात फास अडकवून, एकमेकांस जोडतात. त्यामुळे दर लुगड्यासाठी ताणा निराळा लावावा लागतो. एकाच लांब ताण्यावर डझनभर लुगडी काढण्याची सोय येथे नाही. एवढा खटाटोप कशासाठी? तर जो भाग डोक्यावरून आणि खांद्यावरून येतो, जो हळदीकुंकवाला चारचौघींच्या डोळ्यांसमोर असतो, तेथे रेशीम असावे. आणि जो भाग चुलीशी, विहिरीशी, शेतात झिजावयाचा तो सुताचा असावा. पैशाचा इतका नेमका विचार मी आमच्या लेखाविभागातही पाहिलेला नाही.

विसाव्या शतकात कृत्रिम रेशीम आले आणि इरकलीच्या पदरातही शिरले. जरीचे तसेच झाले. अस्सल जर म्हणजे रेशमी धाग्यावर गुंडाळलेली, सोन्याचा मुलामा दिलेली चांदीची तार. तिच्या जागी सुरतेत तांब्याची तार आली, आणि तिच्याही मागून चकाकणारी प्लॅस्टिकची पट्टी. या बदलांवर नाक मुरडणारे पुष्कळ आहेत. मला त्यांचे अर्धेच पटते. हिमरूने आपण किनखाब आहोत असे कधी सांगितले नाही. 'सारखा' हे त्याचे नावच आहे. मशरूने सूत दडविले, पण दडविण्याचे कारण नावातच उघड केले. इरकलीचा पदर कोठे संपतो आणि अंग कोठे सुरू होते हे लहान मुलालाही दिसते. माझी जांभळी साडी मात्र 'शुद्ध' या नावाने आली होती. दोष धाग्याचा नव्हता.

आमच्या घरी पत्र्याच्या एका ट्रंकेत आजोबांची हिमरूची शेरवानी आहे. ते निजामी राजवटीत महसुली कचेरीत अहलकार, म्हणजे माझ्यासारखेच कारकून होते. ईदेच्या किंवा सालगिरहच्या समारंभास मोठे अधिकारी दस्तार आणि बगलूस बांधून, हातात नजरेची अशरफी घेऊन जात. आजोबांना ते भाग्य नव्हते. पण दसऱ्याला सोने लुटावयास जाताना ते ही शेरवानी घालीत, असे आजी सांगे. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले, शेरवानीचा रिवाज हळूहळू मोडला, आणि ती ट्रंकेत गेली ती गेलीच. मागच्या वर्षी मी ती उन्हात घातली. अस्तर एका बाजूने उसवले होते. आत हात घातला तर पाठीमागचे सुटे रेशमी धागे अजून मऊ लागले. काही ठिकाणी ते तुटले होते, आणि ते नेमके कोठे, तर उजव्या मनगटापाशी, जेथे लिहिताना हात मेजावर घासतो. म्हणजे आजोबा ती केवळ दसऱ्यालाच घालीत ही आजीची समजूत बरोबर नव्हती. निदान काही दिवस तरी ते ती घालून कचेरीत बसले असले पाहिजेत.

त्याच दिवाळीला मी बहिणीसाठी इरकल घेतली. विकणाऱ्या बाईंनी घडी उलगडण्यापूर्वीच सांगितले, "पदर खऱ्या रेशमाचा नाही दादा, अंग मात्र चांगल्या सुताचं आहे." मी पैसे मोजून दिले. भाऊबिजेला आत्या नेहमीच्या जागी बसली होती. तिने पदर हातात घेतला, ज्वारीच्या कणसांवरून बोट फिरविले, आणि दशीला हात न लावता घडी पुन्हा ताटात ठेवली.