उशाशी कोण होतं? : मिरज आणि अतिदक्षतेचा इतिहास

शरीरक्रियांचा धडा शिकवताना आपण मुलांना स्वतःची नाडी मोजायला सांगतो. मनगटावर बोटं ठेवायची, घड्याळ बघायचं, ठोके वहीत लिहायचे. हाच प्रयोग दुसऱ्याच्या मनगटावर, दर पंधरा मिनिटांनी, रात्रभर करायचा आणि आकडा बदलला तर का बदलला हे ओळखायचं, असं ठरवलं तर? अतिदक्षता विभागाचं मूळ या कामात आहे. यंत्रं पुष्कळ नंतर आली.

हे काम रीतसर शिकवायला महाराष्ट्रात ज्या थोड्या ठिकाणी लवकर सुरुवात झाली, त्यांत मिरज आहे. डॉ. विल्यम वानलेस १८८९ साली अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे सांगली भागात आले. १८९४ मध्ये मिरजेत त्यांचं रुग्णालय उभं राहिलं. मिरज रेल्वेचं जंक्शन. पुणे, बेळगाव, कोल्हापूर अशा तिन्ही बाजूंनी गाड्या येत, त्यामुळे रोगी दूरदूरहून येत. सतारींसाठी माहीत असलेलं हे गाव शस्त्रक्रियांसाठीही माहीत झालं. १९२८ साली वानलेस यांना ‘सर’ हा किताब मिळाला. वानलेसवाडी त्यांच्याच नावाची. पण शस्त्रक्रिया तास-दोन तासांची आणि पुढची रात्र बारा तासांची. त्या रात्री उशाशी बसणाऱ्यांची नावं कुठल्याही वाडीला मिळाली नाहीत.

१८९७ साली या रुग्णालयात परिचारिकांचं प्रशिक्षण सुरू झालं. शिकायला येणार कोण, हाच पहिला प्रश्न होता. परक्या माणसाची जखम धुणं, मलमूत्राचं भांडं उचलणं हे हलकं काम मानलं जाई. त्यात सोवळंओवळं होतंच. तरुण मुलीनं परपुरुषाजवळ रात्री जागणं तर घरच्यांच्या कल्पनेबाहेरचं. त्यामुळे मिशनच्या रुग्णालयांत सुरुवातीला शिकणाऱ्या मुली बहुतेक ख्रिस्ती होत्या. आज सर्व जातिधर्मांच्या घरांतून मुली येतात, मुलगेही येतात. पण ‘सिस्टर’ हा शब्द त्या जुन्या काळातून आपल्याकडे राहून गेला.

त्या काळी या रात्रपाळीत काय चाले? क्लोरोफॉर्मच्या गुंगीत जबड्याचे स्नायू सैल पडतात, जीभ मागे सरकते आणि श्वासाची वाट बंद होते. म्हणून रोगी शुद्धीवर येईपर्यंत जबडा पुढे धरून ठेवायचा, उलटी झाली तर मान एका अंगाला वळवायची. ज्वर मोजायला १८६०च्या दशकात ऑलबट यांनी बनवलेला सहा इंची तापमापक उपलब्ध होता. त्याआधीचा हातभर लांबीचा, आणि तो वीसेक मिनिटं लावून ठेवावा लागे! न्यूमोनियावर पेनिसिलिनसारखं औषध नव्हतं. सातव्या ते नवव्या दिवसाच्या सुमारास ताप एकदम उतरे किंवा रोगी हातचा जाई. ताप उतरतानाही नाडी क्षीण होऊ शकते, हे तक्त्यावर आणि त्याहून आधी कपाळावरच्या घामात दिसे. ते जिला दिसे तिनं डॉक्टरांना उठवायचं. स्वतःहून औषध द्यायची तिला मुभा नव्हती.

सर्वांत आधी तिला दिसतं, पण करायचं मात्र दुसऱ्यानं! ही जुनी विभागणी पुढे दोन ठिकाणी मोडली. दोन्ही मिरजेपासून फार लांब.

१९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची मोठी साथ आली. श्वसनाचे स्नायू लुळे पडलेल्या पहिल्या ३१ रोग्यांपैकी २७ दगावले. तेव्हा भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांनी १२ वर्षांच्या एका मुलीच्या श्वासनलिकेत छेद घेऊन नळी बसवली आणि रबरी पिशवी हातानं दाबून फुफ्फुसांत हवा भरली. मुलगी जगली. मग सुमारे दीड हजार विद्यार्थी पाळीपाळीनं अशा पिशव्या दाबत बसले. विद्यार्थ्यांचं पुष्कळदा लिहिलं गेलं. घशातला स्राव ओढून काढणाऱ्या, अंग वळवणाऱ्या परिचारिकांचं कमी. १९५३ च्या डिसेंबरात त्याच शहरात अशा रोग्यांसाठी वेगळा विभाग निघाला. आपल्या रुग्णालयांत दिसणारी अंबू बॅगही १९५६ मध्ये डेन्मार्कमध्येच तयार झाली.

दुसरं ठिकाण फिलाडेल्फियाचं प्रेस्बिटेरियन हॉस्पिटल. हृदयविकाराच्या झटक्यानंतर हृदयाचे कप्पे आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरू लागले, की रक्त पुढे जात नाही. मेंदूला चारेक मिनिटांतच इजा होऊ लागते. विजेचा झटका देऊन ही थरथर थांबवता येते हे १९५६ पर्यंत कळलं होतं. पण डॉक्टर जिना चढून येईपर्यंत वेळ संपलेली असे. १९६३ मध्ये लॉरेन्स मेल्ट्झर आणि परिचारिका रोझ पिनिओ यांनी ठरवलं, की पडद्यावरची रेषा परिचारिकेनं वाचायची आणि झटकाही तिनंच द्यायचा. मला हा टप्पा यंत्राच्या शोधाइतकाच मोठा वाटतो. कारण यंत्र तेच राहिलं, बदलला तो अधिकार.

मार्च २०२० मध्ये इस्लामपूरच्या एका कुटुंबात कोविड सापडला आणि रोगी मिरजेच्या शासकीय रुग्णालयात आणले गेले. व्हेंटिलेटर असूनही ज्यांच्या रक्तातला प्राणवायू वाढत नाही, अशा रोग्यांना पालथं झोपवतात. माणसाच्या फुफ्फुसांचा मोठा भाग पाठीकडे असतो. उताणं झोपल्यावर हृदयाच्या आणि सुजलेल्या फुफ्फुसाच्याच भारानं तिथले वायुकोश मिटतात. पालथं केलं की ते उघडतात. ऐकायला सोपं! प्रत्यक्षात बेशुद्ध माणूस वळवायला चार-पाच जणं लागतात, आणि एकानं फक्त श्वासनळी धरायची असते. ती निसटली की पुन्हा तीच चार मिनिटं. मग सोळा-सोळा तास तसं ठेवायचं, दर थोड्या वेळानं तोंड दुसऱ्या बाजूला करायचं, गालाला आणि कपाळाला जखम होत नाही ना ते बघायचं. हे सगळं पीपीई किटच्या आत, पाळी संपेपर्यंत पाणी न पिता. व्हेंटिलेटरवरच्या रोग्यामागे एक परिचारिका असावी ही अपेक्षा, पण साथीच्या दिवसांत ती फार थोड्या ठिकाणी पुरी झाली.

हे काम त्या दोन वर्षांत राज्यभर अनेक परिचारिका शिकल्या. त्यांतल्या पुष्कळ जणी काही महिन्यांच्या कंत्राटावर होत्या. साथ ओसरल्यावर त्यांची कंत्राटं संपली.