पेंडीतले विष आणि कोळशाचा उतारा

१/ १८३० मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला आणि पनवेल बंदरातून पुण्याकडे जाणाऱ्या बैलगाड्यांची वर्दळ वाढली. अशा बैलांचे खाद्य म्हणजे पेंढा, भाताचा कोंडा आणि घाण्यावरची पेंड. माणसाच्या अन्नातून जे उरे, त्यावर गुरे पोसली जात. तूस मात्र गुरांनाही नकोसे. ते चुलीत जळे.

२/ पेंडीवरचा हा विश्वास १९६० मध्ये इंग्लंडमध्ये हादरला. एक लाखाहून अधिक टर्की पक्षी अल्पावधीत मेले. दोष निघाला ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाच्या पेंडीत. तीवर वाढलेल्या ‘अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस’ या बुरशीच्या विषाला ‘अफ्लाटॉक्सिन’ हे नाव मिळाले.

३/ हेच विष १९७४ मध्ये भारतात माणसांपर्यंत पोहोचले. राजस्थान-गुजरात सीमेवरील बांसवाडा व पंचमहाल भागांत अवकाळी पावसाने भिजलेला मका आदिवासी कुटुंबांनी खाल्ला. नोंदवलेल्या ३९७ रुग्णांपैकी १०६ दगावले. त्याच घरांतील कुत्रीही मेली.

४/ विषारी पेंड गाईने खाल्ली, तर विषाचा अंश दुधात उतरतो. म्हणूनच भारतात दुधासाठी किलोमागे ०.५ मायक्रोग्रॅमची मर्यादा आहे. गोठ्यातला प्रश्न असा थेट लेकरांच्या पेल्यापर्यंत येतो.

५/ उताऱ्याचे मूळ जुने आहे. कोळसा द्रावणातील रंग खेचून घेतो, हे लोविट्झने १७८५ मध्ये पाहिले. पदार्थ आत मुरत नाही, तर असंख्य सूक्ष्म छिद्रांच्या पृष्ठभागाला चिकटतो, हेच अधिशोषण. १९१८ मध्ये अमेरिकेत विषारी वायूविरोधी मुखवट्यांच्या कोळशासाठी पीचच्या कोयी आणि कवचे घरोघरी गोळा झाली. अन्नाचा कचरा सैनिकांचा श्वास राखू लागला.

६/ तीच कल्पना आता पशुखाद्यात आली आहे. खाद्यात मिसळलेला अधिशोषक आतड्यात विषाला धरून शेणावाटे बाहेर नेतो. २०१४ मध्ये इटलीतील संशोधकांनी द्राक्षाचा चोथा प्रयोगशाळेत अनेक बुरशीविषे पकडतो, असे दाखवले. तूस, करवंटी, फळांच्या साली यांवरही काम चालू आहे.

७/ मात्र कोळसा भेद जाणत नाही. तो विषाबरोबर जीवनसत्त्वेही धरतो. अफ्लाटॉक्सिनसाठी बेंटोनाइट माती आजही अधिक भरवशाची ठरते. आणि कोणताही अधिशोषक बुरसटलेली पेंड निर्दोष करत नाही. पनवेलच्या दमट पावसाळ्यात खाद्य कोरडे राखणे हाच पहिला उपाय. चुलीत जाणारे तूस उद्या उपयोगी पडलेच, तर ते त्यानंतरचे.