रिकामी तिजोरी आणि नवा दिवाण

बडोद्याचे नाव घेतले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे सयाजीराव महाराज उभे राहतात. ग्रंथालये, कलाभवन, सक्तीचे शिक्षण, दरबारी पंडित आणि गवई असे ते भरल्या घराचे चित्र आहे. परंतु १८७५ साली बारा वर्षांचा हा मुलगा गादीवर बसला, तेव्हा त्याच्या वाट्याला आलेल्या राजधानीची तिजोरी रिकामी होती, रयत गांजलेली होती आणि दरबाराची पत गेलेली होती. ती घडी पुन्हा बसली. मात्र ती केवळ माणूस बदलल्याने बसली काय, हे पाहण्यासारखे आहे. कारण एका वर्षाच्या आत त्याच शहरात दोन मोठ्या माणसांनी हा एकच प्रयत्न केला. एकाला अपयश आले, दुसऱ्याला यश.

गायकवाडांचा दरबार कर्जात रुतण्याची ही पहिली वेळ नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी अरब शिबंदीचा तुंबलेला पगार चुकता करण्यासाठी सावकारांकडून रकमा उचलाव्या लागल्या आणि त्या कर्जांना कंपनी सरकारने ‘बहांदरी’, म्हणजे हमी, दिली. या हमीच्या वाटेनेच इंग्रज बडोद्याच्या कारभारात शिरले. ऋणको घराच्या स्वयंपाकघरापर्यंत धनको पोहोचतो, तशातलाच हा प्रकार.

पुढे खंडेराव महाराजांच्या काळात (१८५६–१८७०) अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे गुजरातच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या तेजीत जमिनीचा सारा चढा ठरला आणि दरबारचा थाटही वाढला. चांदीच्या तोफा आणि मोत्यांचा गालिचा ही त्या थाटाची प्रसिद्ध उदाहरणे. युद्ध संपताच कापूस उतरला. सारा मात्र उतरला नाही. १८७० मध्ये खंडेराव वारले व पाद्र्याच्या कैदेतून थेट गादीवर आलेल्या त्यांच्या भावाने, मल्हाररावांनी, चांदीच्या तोफांवर ताण म्हणून सोन्याच्या तोफा ओतवल्या. गादीवर बसल्याचा नजराणा शेतकऱ्यांकडून वसूल केला, जुन्या सरदारांची व सावकारांची मालमत्ता ओढली.

मुळात रोग वसुलीच्या पद्धतीतच होता. परगण्याचा इजारा जास्त बोली करणाऱ्याला मिळे. इजारदार ठरलेली रक्कम दरबारात भरी आणि त्याहून कितीतरी अधिक रयतेकडून काढी. रोकड कमी पडली की पोतदार सावकार व्याजाने पुरवी. अशा व्यवस्थेत उत्पन्न किती, येणे किती, देणे किती, हे राजालाही कळत नसे. आणि इजारदार, पोतदार, दरबारी या साऱ्यांचा फायदा ते न कळण्यातच होता.

१८७३ मध्ये कर्नल मीड यांच्या आयोगाने या गैरकारभाराची चौकशी केली व मल्हाररावांना सुधारण्यासाठी १८७५ अखेरची मुदत मिळाली. १८७४ मध्ये दादाभाई नौरोजी दिवाण झाले. त्यांच्या सचोटीबद्दल आणि अर्थशास्त्राच्या जाणकारीबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. पण वर महाराज मनापासून पाठीशी नाहीत, खाली जुने दरबारी आपली जागा सोडत नाहीत आणि समोर रेसिडेंट कर्नल फेर उघड वैरी, अशा तिहेरी कात्रीत ते सापडले. नोव्हेंबर १८७४ मध्ये फेर यांच्यावर विषप्रयोगाचा प्रयत्न झाल्याचे प्रकरण उद्भवले आणि जानेवारी १८७५ मध्ये दादाभाईंनी राजीनामा दिला. दिवाण नवा होता. सत्ता जुन्यांच्याच हाती होती.

विषप्रयोगाच्या चौकशी आयोगात तीन इंग्रज व तीन हिंदी सभासद होते. हिंदी सभासदांत ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे आणि सर दिनकरराव होते. तिघा इंग्रजांनी महाराजांना दोषी मानले, तिघा हिंदी सभासदांना आरोप सिद्ध झालेला दिसला नाही. तरीही एप्रिल १८७५ मध्ये गैरकारभाराच्या कारणावरून मल्हाररावांना पदच्युत करून मद्रासेस नेण्यात आले.

यानंतर आले सर टी. माधवराव. हे तंजावरी मराठी, जन्म कुंभकोणमचा. वडील व चुलते दोघेही त्रावणकोरचे दिवाण. स्वतः माधवरावांनी त्रावणकोरचे कर्ज फेडून दाखवले होते व पुढे इंदूरचा कारभार पाहिला होता. महाराष्ट्रापासून दूर, पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्या भाषेच्या मुलखात राहिलेल्या मराठी घरातला हा माणूस. आपल्या वाचकांना त्याची ओळख वेगळी करून द्यायला नको.

माधवरावांनी काही अचाट केले नाही. इजारे मोडून पगारी अधिकारी नेमले. राज्याची बडोदे, कडी, नवसारी व अमरेली अशी चार प्रांतांत घडी बसवली. प्रांतावर सुभा, तालुक्यावर वहिवाटदार. न्यायखाते व पोलीस यांची व्यवस्था लावली, रयतेवरचा बोजा हलका केला. वर्षाचा कारभार अहवालरूपाने छापण्याची प्रथा १८७५–७६ पासून पडली. यातले सर्वांत मोठे काम मला हेच वाटते. जो हिशेब कोणालाच कळू नये अशी सोय होती, तो कागदावर आला. डिसेंबर १८८१ मध्ये सयाजीरावांनी अधिकार हाती घेतले तेव्हा त्यांना चालते घर मिळाले होते. आजव्याचे पाणी, १८९० चे कलाभवन, १९०६ चे राज्यभर सक्तीचे शिक्षण, १९०८ ची बँक ऑफ बडोदा ही सारी पुढची उभारणी या पायावरची आहे.

तरी या यशाची किंमतही मांडली पाहिजे. जे दादाभाईंना मिळाले नाही ते माधवरावांना मिळाले : गादीवर अज्ञान राजा, आणि पाठीशी खुद्द इंग्रज सरकार. म्हणजे दरबाराची सत्ता गेली तेव्हाच तिजोरी सावरली. आणि ज्या गुजराती कुणब्याने चढा साराही भरला व नजराणाही भरला, त्याला या सबंध उलथापालथीत कोणी काही विचारले नाही. बडोद्याच्या वैभवाचा अभिमान बाळगताना आपण मराठी मंडळींनी त्या शेजाऱ्याचे ऋण विसरू नये.

शिवाय सुधारलेला कारभार सर्व संकटे टाळू शकतो असेही नाही. छप्पन्नच्या दुष्काळासह लोटलेल्या दशकात राज्याची लोकसंख्या १८९१ मधल्या सुमारे २४ लाखांवरून १९०१ मध्ये साडेएकोणीस लाखांवर आली.

दिवाळखोर शहर नव्या नेतृत्वाखाली उभे राहू शकते, याला बडोदे साक्षी आहे. पण त्याच बडोद्यात दादाभाईंचे काही महिनेही आहेत. म्हणून नवा कारभारी आला की त्याच्या कीर्तीबरोबर आणखी दोन गोष्टी पाहाव्यात : वसुलीची जुनी साखळी तोडण्याचा अधिकार त्याला मिळाला आहे काय, आणि ज्यांच्या पैशावर शहर चालते त्यांच्यापुढे तो वही उघडतो काय.