मस्टरवरची माणसं

बहात्तरच्या दुष्काळाबद्दल आमची आज्जी कधी गहिवरून बोलत नाही. माणदेशात आधीची दोन वर्षंही पाऊस धड पडला नव्हता. तिसऱ्या वर्षी विहिरींचे तळ दिसले, बैल कवडीमोलानं गेले. हे सगळं ती एका दमात उरकते आणि मग रंगते ती दुष्काळी कामावर फोडलेल्या खडीत. दगडाच्या कुठल्या अंगावर हातोडा घालायचा, बोटांना चिंध्या कशा गुंडाळायच्या, ब्रास मोजताना मुकादम कशी खोट काढायचा. अमेरिकेतून आलेल्या मिलो ज्वारीची लाल भाकरी घशाखाली उतरत नसे, आणि पोरांच्या सुकडीतली चिमूट मोठी माणसंही हळूच तोंडात टाकत.

‘‘तेव्हा वाटायचं का गं, पाऊस पडेल म्हणून?’’ मी एकदा विचारलं.

‘‘कुनाला वाटतंय! पर बाजाराच्या दिशी पगार असायचा.’’

मे १९७३मध्ये राज्यातल्या दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख माणसं होती. त्यांचे उमेदीचे पुतळे करण्यात अर्थ नाही. पोटानं त्यांना तिथं नेलं. आमच्या शिवेवर फोडलेल्या खडीचे काही ढीग रस्ता न होताच बाभळींत बुडाले. पण त्याच टोळ्यांनी बांधलेला पाझर तलाव अजून आहे, गाळानं अर्धा भरलेला का होईना.

विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी साठच्या दशकात तासगाव तालुक्यात रोजगार हमीच्या ज्या कल्पनेचा लहानसा प्रयोग केला होता, ती या दुष्काळात राज्यभर पोचली. १९७७मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला, २६ जानेवारी १९७९पासून तो लागू झाला. काम मागणाऱ्याला काम द्यायचं, हे सरकारवर बंधन आलं. पैसा उभा करायला शहरातल्या नोकरदारांवर व्यवसाय कर बसला. तो आजही माझ्या पगारातून कापला जातो आणि मीही इतरांसारखाच कुरकुरतो. माझ्या मते त्या दुष्काळाची खरी कमाई हीच: खेड्यातल्या उन्हाचा हिशेब मुंबईच्या पगारपत्रकावर आला.

आज्जीचा हा हिशेब परवा पुन्हा निघाला तो माझ्या धाकट्या चुलत बहिणीमुळे. ती पर्यावरणशास्त्र शिकते. २०२४ साली पृथ्वीचं सरासरी तापमान औद्योगिकीकरणापूर्वीच्या काळापेक्षा दीड अंशानं वर गेल्याचं जाहीर झालं, तेव्हापासून तिचं एकच पालुपद: आपण चार झाडं लावून काय होणार? आज्जीला अंशांचं गणित कळलं नाही. तिनं उलट विचारलं, ‘‘तुमच्या कामाचं माप कोन घेतं?’’

प्रश्न वर्मी लागला. बहिणीचं सगळं काम मोर्चे, पोस्टर आणि शपथा. मुकादम नाही, हजेरीचं मस्टर नाही. संध्याकाळी काय झालं ते सांगता येत नाही. मग थकवा येणारच.

उन्हाळ्यात गावी राहून तिनं शाळेतल्या पोरांना घेऊन विहिरींची पातळी मोजायला घेतली. आकडे ग्रामसभेत मांडले. हिवरे बाजारमध्ये पाण्याचा ताळेबंद मांडून पिकं ठरवतात, हे सांगितलं तोवर सगळे ऐकत होते. बोअरचा विषय निघाला तसे बरेच जण उठले. उसवाल्या एका चुलत्यानं तर तिला ‘‘पुण्याला जा’’ म्हणून सुनावलं.

ती रडली नाही म्हणे. पुढची मोजणी पोळ्यानंतर आहे. दोन विहिरींत दोरी पुरली नाही, म्हणून तिनं मला लांब टेप आणायला सांगितलंय.