एक अधिक एक किती? उजनीचं पाणी आणि विषाचं गणित

करमाळा तालुक्यातल्या केत्तूर, कुगाव अशा गावांना उजनीचं बॅकवॉटर अगदी भिडलेलं आहे. धरण १९८० साली पूर्ण झालं. भीमाकाठची काळी रानं पाण्याखाली गेली आणि त्याच पाण्यावर मासेमारी उभी राहिली. रोहू, कटला, चिलापी. पण या पाण्याला वरून पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणीही येऊन मिळतं. मग ‘यात नेमकं काय असतं?’ हा प्रश्न आलाच. त्याहून अवघड प्रश्न म्हणजे, जे असतं ते एकत्र आल्यावर काय करतं?

हा दुसरा प्रश्न तसा जुना आहे. चेस्टर ब्लिस या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९३९ मध्येच दोन विषं एकत्र दिली तर परिणाम कसा मोजायचा, याची गणिती मांडणी केली. कधी दोन्ही आपापलं काम करतात, कधी एकमेकांची जागा घेतात, तर कधी मिळून दोघांच्या बेरजेपेक्षा जास्त घात करतात. पुढे १९५६ साली जपानमधल्या मिनामाताचा आजार उघडकीला आला आणि पाण्यातला पारा माशांमार्फत माणसापर्यंत कसा पोचतो, ते जगाला कळलं. १९६२ मध्ये रेनबो ट्राउटच्या पेशी प्रयोगशाळेत कायम वाढवता येऊ लागल्या. अख्खा मासा न मारता विष तपासायची सोय झाली!

मग आले नॅनोकण. मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाहूनही बारीक. रंगात, सनस्क्रीनमध्ये टायटॅनियम डायऑक्साइड असतं, त्यातलं काही धुऊन गटारात जातंच. २००७ मध्ये चीनमधल्या संशोधकांनी कार्प माशांना (आपल्याकडचा सायप्रिनस) कॅडमियमच्या पाण्यात ठेवलं. त्याच पाण्यात टायटॅनियमचे नॅनोकण घातल्यावर २५ दिवसांत माशांच्या अंगात सुमारे अडीचपट कॅडमियम साठलं.

असं का व्हावं? कण जितका बारीक, तितका त्याच्या वजनाच्या मानाने पृष्ठभाग मोठा. त्यावर धातू चिकटतो. पेशी तो कण गिळते, आतल्या आम्ल पिशवीत धातू सुटतो आणि पेशीचं नुकसान करतो. ट्रोजन घोडाच म्हणा ना! अर्थात दर वेळी असंच होतं असं नाही. काही वेळा कण धातूला धरून तळाशी बसतात आणि पेशीपर्यंत उलट कमी विष पोचतं. म्हणजे उत्तर आधी ठरवून चालत नाही, तपासावंच लागतं.

आणि गोची इथेच आहे. आपल्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात कॅडमियमची मर्यादा लिटरला ०.००३ मिलिग्रॅम आहे. शिसं वेगळ्या ओळीत, पारा वेगळ्या ओळीत. आमच्या भाषेत सांगायचं तर हे नुसतं युनिट टेस्टिंग झालं. प्रत्येक मॉड्यूल पास होतं, आणि सगळं जोडलं की सिस्टिम झोपते! इंटिग्रेशन टेस्टिंगची ओळ त्या तक्त्यात नाहीच.

उजनीचा मासा विषारी आहे असा माझा दावा नाही, उगाच कोणाच्या पोटावर पाय नको. पण जमीन देऊन ज्यांनी जाळं हातात घेतलं, त्यांच्या पाण्याची तपासणी तरी पुरती व्हावी. ब्लिसचं गणित येऊन ऐंशीहून जास्त वर्षं झाली की राव.