तहाच्या नोंदीची कुळकथा

दोन देशांनी तह केला की त्याची प्रत संयुक्त राष्ट्रांच्या सचिवालयात नोंदवायची, हा आजचा रिवाज. वरवर निव्वळ कारकुनी. त्याचं मूळ मात्र १९१५च्या लंडनमधल्या एका सौद्यात आहे.

इटली १८८२पासून जर्मनी आणि ऑस्ट्रिया-हंगेरीची दोस्त. १९१४च्या ऑगस्टमध्ये युद्ध पेटलं तेव्हा तिनं सांगितलं, आपला करार बचावापुरता आहे आणि हल्ला तर ऑस्ट्रियानंच केलाय; आम्ही तटस्थ. मुद्दा बिनतोड होता. पण पुढचे काही महिने पंतप्रधान सालान्द्रा आणि परराष्ट्रमंत्री सोन्निनो यांनी दोन्हीकडच्यांशी बोलणी चालू ठेवली, लग्नाच्या याद्या कराव्यात तशी. जर्मनीनं मनधरणीसाठी माजी चान्सेलर ब्यूलो यांना रोमला धाडलं. त्यांची बायको इटालियन. ऑस्ट्रिया ट्रेंटिनो सोडायला कसाबसा तयार झाला, तोही युद्ध संपल्यावर. ब्रिटन, फ्रान्स आणि रशियाला तर दुसऱ्याचाच मुलूख वाटायचा होता. मग हात आखडता कशाला घ्यायचा?

२६ एप्रिल १९१५ रोजी लंडनमध्ये इटलीच्या या तिघांशी झालेल्या तहावर सह्या झाल्या. ब्रेनर खिंडीपर्यंतचा प्रदेश, त्रिएस्ते, इस्त्रिया, डाल्मेशियाचा मोठा भाग, शिवाय किमान ५ कोटी पौंडांचं कर्ज. बदल्यात महिन्याभरात युद्धात उतरायचं. शांततेच्या वाटाघाटींत पोपच्या प्रतिनिधीला शिरकाव मिळू नये, म्हणून पंधरावं कलम घातलं. इतक्या घाईतही हे आठवलं! सोळावं कलम गुप्ततेचं. इटलीच्या संसदेतल्या बहुसंख्य सभासदांना युद्ध नको होतं, आणि तहाचा मजकूर त्यांच्यापुढे आलाच नाही. २३ मे रोजी इटलीनं ऑस्ट्रियाविरुद्ध युद्ध पुकारलं.

बिंग फुटलं १९१७च्या नोव्हेंबरात. रशियात सत्तेवर येताच बोल्शेविकांनी झारच्या दप्तरातले गुप्त तह छापायला काढले. जगभर बोभाटा झाला. जानेवारी १९१८मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी शांततेसाठीच्या आपल्या चौदा मुद्द्यांत पहिला मान उघड तहांना दिला. पुढे राष्ट्रसंघाच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या आधीच्या संघटनेच्या, करारनाम्यातलं अठरावं कलम आलं: नोंद होईपर्यंत कुठलाही तह बंधनकारक नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या १९४५च्या सनदेनं हा दात बोथट केला. कलम १०२नुसार न नोंदवलेला तह रद्द होत नाही. फक्त संयुक्त राष्ट्रांच्या कुठल्याही अंगापुढे त्याचा हवाला देता येत नाही. सोन्निनो यांना आज असा तह करायचा असता, तर त्यांनी तो नोंदवला नसता, इतकंच.